हे पथ्य एकट्याने पाळता येत नाही

ऑफिसात सीलिॲक या आतड्याच्या आजाराच्या एखाद्या रुग्णाच्या पोटात चुकून गव्हातलं ग्लुटेन गेलं आणि दोन दिवस तो घरी पडून राहिला, की परत आल्यावर त्याला ऐकावं लागणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘अरे, नीट बघून खायचं ना!’ बोलणारा काळजीपोटीच बोलतो. पण त्या काळजीत निकालही लागून गेलेला असतो. दोष खाणाऱ्याचा. त्याने लेबल वाचलं नसेल, चमचा धुऊन घेतला नसेल, डबा भलत्याच ठिकाणी ठेवला असेल. ज्या ओट्यावर तीस-चाळीस माणसं दिवसभर ब्रेड कापतात, नूडल्स गाळतात, बिस्किटांचे पुडे फोडतात, तो ओटा या चौकशीत कुठेच येत नाही.

माझं म्हणणं असं की जेवणाची जागा सामाईक असेल तर पथ्याची व्यवस्थाही संस्थेने लावून द्यायला हवी. रुग्णाने आपल्या ताटापुरतं बघावं. ओटा, घासणी, चाळणी, मागवलेलं जेवण यांचा पहारा त्याच्या माथी मारू नये. ही व्यवस्था वाटते तेवढी मोठी नाही आणि फारशी खर्चिक तर नाहीच. अडचण एवढीच की ती जिथे लागायला हवी तिथे लागत नाही. भलत्याच गोष्टींची धास्ती घेतली जाते आणि खरा धोका सिंकच्या कडेला ओला पडून राहतो.

आधी आजाराविषयी थोडं, कारण निम्मे वाद त्याच्या अज्ञानातून होतात. ग्लुटेन म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतली काही प्रथिनं. ती सीलिॲकच्या रुग्णाच्या पोटात गेली की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे बारीक उंचवटे आतड्याच्या अस्तरावर असतात, ते झिजून सपाट होत जातात. मग जुलाब आणि पोटफुगी तर आहेच, शिवाय रक्त कमी होणं, हाडं ठिसूळ होणं, न जाणारा थकवा, डोकं जड होऊन कामात लक्ष न लागणं. काहींच्या अंगावर खाज सुटणारे फोडही येतात. जगभरात साधारण शंभरात एका माणसाला हा आजार असतो आणि त्यातल्या पुष्कळांना तो आपल्याला आहे याचा पत्ताच नसतो. म्हणजे तीनशे माणसांच्या कार्यालयात असे तिघे असू शकतात आणि त्यातल्या एखाद्याचंच निदान झालेलं असेल. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा प्रकार. तिथे काही मिनिटांत श्वास अडकण्यापर्यंत मजल जाऊ शकते. तिसरेही काही लोक असतात, ज्यांना सीलिॲकही नसतो आणि ॲलर्जीही नसते, पण ग्लुटेन खाल्लं की त्रास होतो हे मात्र खरं असतं.

नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध दाखवून दिला. त्यांचा प्रबंध 1950 सालचा. त्याला आता पाऊणशे वर्षं झाली, पण रोजच्या उपचारात मूळ गोष्ट बदललेली नाही. ग्लुटेन पूर्ण बंद, आणि तेही जन्मभर. आपण ‘पथ्य’ म्हटलं की औषधाच्या जोडीला पाळायचं काहीतरी, असं आपल्या डोक्यात असतं. इथे पथ्य हेच औषध आहे. त्यामुळे दिवसाचे आठ-नऊ तास जिथे काढायचे, तिथलं स्वयंपाकघर कसं आहे हा प्रश्न सोयी-गैरसोयीचा उरत नाही, उपचाराचा होतो.

‘इतकंसं गेलं तर काय होतंय?’ या प्रश्नाला आकड्यांनीच उत्तर देता येतं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पथ्य पाळून स्थिरावलेल्या रुग्णांना 90 दिवस रोज मोजून ग्लुटेन देण्यात आलं. काहींना 10 मिलिग्रॅम, काहींना 50, काहींना अजिबात नाही. रोज 50 मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याचं नुकसान स्पष्ट दिसलं, आणि 10 मिलिग्रॅमवाल्यांपैकी एकाचा आजार उलटला. आता ब्रेडच्या साध्या स्लाइसमध्ये दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लुटेन असतं. त्या स्लाइसचे दोनशे तुकडे केले तर त्यातला एक तुकडा झाला 10 मिलिग्रॅमचा. बटरच्या डब्यात सुरीबरोबर जाणारा चुरा याहून कमी असतो असं कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का? कोडेक्स अलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणण्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती या हिशेबातून नीट समजते. तेवढं ग्लुटेन असलेलं अन्न दिवसभरात अर्धा किलो खाल्लं, तरी पोटात 10 मिलिग्रॅमच जातं.

एकदा हे प्रमाण लक्षात आलं की ‘नीट बघून खा’ हा सल्ला किती तोकडा आहे ते कळतं. बघायचं काय? या प्रमाणात ग्लुटेन डोळ्यांना दिसत नाही. त्याला वास नाही आणि चवही नाही. मीठ जास्त पडलं तर जीभ सांगते, दूध नासलं तर नाक सांगतं; इथे एकही इंद्रिय साक्षीला येत नाही. त्यात त्रास लगेच होईलच असं नाही. कोणाला दोन तासांत उलट्या होतात, कोणाला दुसऱ्या दिवशी, आणि काहींना बाहेरून काहीच जाणवत नाही, पण आतडं आतून झिजत राहतं. 2020 साली आलेल्या एका अभ्यासात 18 रुग्णांच्या अन्नाचे, लघवीचे आणि शौचाचे नमुने दहा दिवस तपासले. ही माणसं कसोशीने पथ्य पाळणारी होती, तरी त्यातल्या 12 जणांच्या कुठल्या ना कुठल्या नमुन्यात ग्लुटेन सापडलंच. स्वतः निवडलेलं खाणाऱ्यांची ही गत, तर सामाईक पॅन्ट्रीत एकट्याच्या सावधपणावर भिस्त ठेवणं म्हणजे त्याला नशिबाच्या हवाली करणंच झालं.

विजेची वायर उघडी पडली तर आपण तिच्यावर टेप लावतो. ‘सगळ्यांनी जरा जपून चालावं’ अशी पाटी लावून मोकळे होत नाही. पॅन्ट्रीत मात्र बहुतेक ठिकाणी पाटीच लागते.

आता टेप लावायची कुठे, ते बघू. या बाबतीत भीती आणि धोका यांचं गणित बरंच चुकलेलं दिसतं. टोस्टरचंच घ्या. सीलिॲक म्हटलं की पहिली मागणी स्वतंत्र टोस्टरची होते. 2020 सालीच झालेल्या एका प्रयोगात ग्लुटेन-फ्री ब्रेड मुद्दाम नेहमीच्या, चुरा पडलेल्या टोस्टरमध्ये भाजून पाहिला, आणि ग्लुटेनचं प्रमाण 20 च्या मर्यादेच्या आतच राहिलं. त्याच प्रयोगात साधा पास्ता उकळलेल्या पाण्यात ग्लुटेन-फ्री पास्ता शिजवला, तेव्हा मात्र मर्यादा ओलांडली गेली. तो पास्ता नळाखाली धुतल्यावर प्रमाण पुन्हा खाली आलं. प्रयोग लहान होता, त्याच्या जोरावर कोणी टोस्टरबाबत निष्काळजी व्हावं असं मी म्हणणार नाही. वेगळा टोस्टर फार महागही नसतो, आणि त्याने रुग्णाच्या मनाला जो निवांतपणा मिळतो त्यालाही किंमत आहे. पण एक गोष्ट त्यातून नक्की दिसते, की पाण्यातून ग्लुटेन सहज पसरतं. मग ऑफिसात पाणी कुठे कुठे आहे? नूडल्स गाळायच्या चाळणीत आहे. भांड्यांच्या टबात आहे. आणि सगळ्यात जास्त, दिवसभर ओल्या राहणाऱ्या त्या एका घासणीत आहे, जिच्यात पिठाळ पातेलंही घासलं जातं आणि रुग्णाचा डबाही.

माझ्या हातात पॅन्ट्रीचं बजेट दिलं तर मी टोस्टरच्या आधी दुसऱ्या रंगाच्या घासण्या, एक वेगळी चाळणी आणि झाकणं घेईन. घासणी आणि चाळणी यांची जागाही वेगळी हवी, त्याच हुकावर नको. चाळणीच्या भोकांत आणि लाकडी पाटावरच्या सुरीच्या खाचांत पीठ अडकून बसतं; घासून दिसायला स्वच्छ होतं, तरी खात्री देता येत नाही. स्टीलची सुरी आणि काचेचं ताट साबणाने धुतलं की काम होतं, त्यासाठी वेगळा संच लागत नाही. मायक्रोवेव्हची धास्तीही थोडी अवास्तव आहे. अन्न झाकून गरम केलं आणि फिरती थाळी पुसून घेतली, तर वेगळ्या मायक्रोवेव्हची गरज नाही.

उलट ज्या गोष्टींकडे कोणाचं लक्ष जात नाही त्याच घात करतात. बटर, जॅम, पीनट बटर यांचे सामाईक डबे ही त्यातली सगळ्यात नेहमीची वाट. सुरी ब्रेडवर फिरते, पुन्हा डब्यात बुडते, आणि डब्यावर मात्र ठळक अक्षरांत ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलं असतं. हे पदार्थ दाबून काढायच्या बाटलीत आणले की प्रश्न मिटतो. कॉफीच्या कोपऱ्यात माल्टयुक्त पेयाची पावडर असते. माल्ट बहुधा बार्लीचं. तोच चमचा दूधपावडरीत जातो, तिथून साखरेत. बार्लीवरून आठवलं, ‘यात गहू नाही’ एवढं वाचून निश्चिंत होणारे खूप आहेत. गहू नसला म्हणजे ग्लुटेन नसतं असं नव्हे. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो, पाकिटातल्या सूपला मैद्याने दाटपणा आणलेला असतो. ओट्समध्ये मुळात गहू, बार्ली, राय यांच्यासारखं ग्लुटेन नसतं, पण शेतात आणि गिरणीत गव्हाची भेसळ इतकी होते की तसं प्रमाणित नसलेले ओट्स धोक्याचेच धरावेत.

फ्रिजमध्ये पथ्याच्या डब्यांना सगळ्यात वरचा कप्पा द्यावा, कारण चुरा खाली पडतो, वर चढत नाही. आणि हॅंड सॅनिटायझरने काही होत नाही, हे तर प्रत्येक पॅन्ट्रीत लिहून लावावं. ग्लुटेन हा जंतू नाही, प्रथिन आहे. ते सॅनिटायझरने मरत नाही, उकळल्याने नष्ट होत नाही, तळणीच्या तेलातही तसंच राहतं. त्याला साबण, पाणी आणि घासणं लागतं.

पण रोजच्या पॅन्ट्रीपेक्षाही जास्त गफलत होते ती बाहेरून मागवलेल्या जेवणाच्या दिवशी. प्रशिक्षण असतं, वार्षिक बैठक असते, कोणाचा तरी निरोपसमारंभ असतो. आयोजकाने आठवणीने ‘एक ग्लुटेन-फ्री’ असं सांगितलेलं असतं आणि पुरवठादाराने ते आठवणीने केलेलंही असतं. टेबलावर शेवटच्या टोकाला एक ट्रे, त्यावर छोटी पाटी. इथवर सगळं ठीक. मग रांग सुरू होते. त्या ट्रेमधलं सॅलड ताजं दिसतं, म्हणून पहिल्या दहांपैकी चौघे त्यातूनच वाढून घेतात. पाचव्याला शेजारच्या पास्त्याचा चिमटा सापडत नाही, तो सॅलडचा चिमटा उचलतो, पास्ता घेतो आणि चिमटा जिथून घेतला तिथे सभ्यपणे परत ठेवतो. सहावा ब्रेडची टोपली पुढे सरकवतो, ती ट्रेच्या कडेवर टेकते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो माणूस रांगेत विसाव्या नंबरवर. तो येतो तेव्हा पाटी जागेवर असते, सॅलड निम्मं असतं आणि त्याला त्यावर विश्वास ठेवायला काहीच आधार नसतो. खावं तर धोका, न खावं तर ‘तुझ्यासाठी मुद्दाम मागवलं होतं’ हे ऐकायचं.

इथे कोणाचाही हेतू वाईट नाही, आणि म्हणूनच सद्भावनेवर हा प्रश्न सुटत नाही. त्या माणसाला रांगेत पहिला नंबर द्या. किंवा त्याहून बरं म्हणजे, त्याचं जेवण बंद डब्यात, नाव घालून, मुख्य टेबलापासून दूर ठेवा. नाव जाहीर करायचं नसेल तर आद्याक्षरं चालतील. आणि सगळ्यांनाच चालेल असं काही असेल, सालासकट फळं, पाकीटबंद दही, तर ते सर्वांसाठीच मागवा, म्हणजे एकट्याचं वेगळं ताट उठून दिसत नाही.

या सगळ्या चर्चेत एक माणूस नेहमी बाहेर राहतो. पॅन्ट्री साफ करणारा. धोरण एचआर ठरवतं, ईमेल सगळ्यांना जाते, पोस्टर लागतं. आणि ज्याच्या हातात घासणी आहे तो बहुतेकदा कंत्राटी कामगार असतो, त्याचा कंपनीचा ईमेल पत्ताही नसतो. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की निळी घासणी फक्त या भांड्यांना. संध्याकाळी उरलेल्या ट्रे एकावर एक रचून, सगळे चमचे एकाच टबात भिजवून तो आपलं काम चोख करून जातो, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचं तरी पोट बिघडतं. माझ्या मते या विषयावरची पहिली बैठक त्याच्याबरोबर, त्याच्या भाषेत, सिंकपाशी उभं राहून व्हायला हवी. दहा मिनिटं पुरतात. शिवाय कंत्राट बदललं, माणूस बदलला, की पुन्हा दहा मिनिटं. कंत्राटाच्या कागदातच हे कलम घातलं तर कोणाच्या स्मरणशक्तीवर विसंबायला नको.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप फॅशनचा. ‘हल्ली सगळ्यांनाच ग्लुटेन सोसत नाही. सोमवारी ग्लुटेन-फ्री आणि शुक्रवारी केकचे दोन तुकडे.’ हा टोमणा अगदीच निराधार नाही. वजनासाठी, त्वचेसाठी, कोणीतरी सांगितलं म्हणून ग्लुटेन सोडणारे भरपूर आहेत, आणि त्यांच्या धरसोडीची झळ खऱ्या रुग्णांना लागते. स्वयंपाकघरातल्या माणसाला वाटतं, एवढं काय मनावर घ्यायचं. पण म्हणून दारात प्रमाणपत्र मागत बसायचं का? मला ते अव्यवहार्य वाटतं आणि थोडं हीनही. वेगळी घासणी आणि बंद डबा यांचा खर्च इतका कमी आहे की मागणाऱ्याची पारख करण्यातच त्याहून जास्त वेळ जाईल. हौशी माणसाला तो डबा मिळाला तर संस्थेचं काही बिघडत नाही. रुग्णाला मिळाला नाही तर त्याचं मात्र बिघडतं. उगाच ग्लुटेन सोडणाऱ्यांना एकच सांगणं आहे: शंका असेल तर आधी तपासणी करा, मग सोडा. ग्लुटेन बंद केल्यावर रक्तातली प्रतिपिंडं उतरतात आणि निदान हुकतं.

दुसरा आक्षेप थेट उलट्या टोकाचा, आणि तो बऱ्याचदा भल्या माणसांकडून येतो. ‘मग ऑफिसात ग्लुटेनच बंद करून टाकू.’ याला माझा विरोध आहे. शंभर माणसांच्या डब्यात काय आहे ते कोणी तपासणार नाही आणि तपासूही नये. बंदी कागदावर राहते, कोणीतरी ड्रॉवरमधून बिस्किट काढतंच, पण रुग्ण मात्र बंदीच्या भरवशावर गाफील होतो. खोटी सुरक्षितता ही उघड धोक्यापेक्षा वाईट. शिवाय शंभर जणांची चिडचिड एका माणसावर निघते. तो जेवायला बसला की बाकीचे आपापले डबे घेऊन उठतात, तोंडाने कोणी काही बोलत नाही. पथ्याची जागा लहान असावी, पण पक्की असावी. ओट्याचा दोन फुटांचा तुकडा, एक कपाट, फ्रिजचा एक कप्पा, आणि त्याची देखरेख करणाऱ्या माणसाचं नाव तिथेच लिहिलेलं. ज्या पाटीमागे कोणाचं नाव नाही ती पाटी काढून टाकलेली बरी. अपवाद अशा जागांचा, जिथे कोरडं पीठ प्रत्यक्ष हाताळलं जातं. बेकरी असो वा हॉटेलचं स्वयंपाकघर, पीठ हवेत उडतं आणि तासन्‌तास सगळ्यावर बसत राहतं. तिथे दोन फुटांच्या तुकड्याला काही अर्थ नाही, खोलीच वेगळी हवी.

तिसरा आक्षेप फार मोठ्याने कोणी घेत नाही, पण मनात असतो: एका माणसासाठी एवढं? याला मी आकडेमोडीने उत्तर देणार नाही, कारण उद्या आकडा अर्ध्यावर आला तरी माझं मत बदलणार नाही. संस्था जेवणाची सोय करते तेव्हा ती सर्वांसाठी करते आहे असं गृहीत असतं. अमेरिकेत 2012 च्या डिसेंबरात न्याय खात्याने लेस्ली विद्यापीठाशी जो समझोता केला, त्याचा गाभा हाच होता. तिथे विद्यार्थ्यांना भोजन योजनेत भाग घेणं सक्तीचं होतं, आणि सीलिॲक असलेल्यांना त्यात सुरक्षित अन्न मिळत नव्हतं. समझोत्यात विद्यापीठाने ग्लुटेन-फ्री पर्याय देण्याबरोबरच असं अन्न ठेवायला आणि शिजवायला वेगळी जागा द्यायचंही मान्य केलं. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पदार्थ देऊन भागत नाही, जागा द्यावी लागते. विद्यापीठाला जे लागू, ते कर्मचाऱ्यांना दिवसभर एका इमारतीत बसवून ठेवणाऱ्या कार्यालयाला लागू का नसावं, याचं पटेल असं कारण मला तरी सापडत नाही.

रुग्णाची काही जबाबदारी आहेच. हात धुऊन जेवणं, सामाईक कीबोर्ड वापरून आल्यावर थेट बोटांनी न खाणं, डब्यावर झाकण ठेवणं, शंका आली तर न खाणं. पण त्याच्याकडून काय मागू नये, तेही स्पष्ट असावं. दर बैठकीच्या आधी आठवण करून देणं हे त्याचं काम नाही. नव्या प्रत्येक सहकाऱ्याला स्वतःच्या आतड्याचा इतिहास ऐकवणं तर नाहीच. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, आपल्या कामात अतिशय चोख. त्यांनी एकदा सांगितलं की या आजारात सगळ्यात दमवणारी गोष्ट पथ्य नाही, सतत उपकाराची भाषा बोलावी लागणं आहे. ‘सॉरी हं, तुम्हाला त्रास देते’, ‘तेवढा चमचा बदलाल का’, ‘नाही, खरंच भूक नाहीये’. ही तिसरी थाप मारून त्या कित्येक दुपारी उपाशी राहिल्या आहेत. म्हणून विचारणा एकदाच व्हावी, रुजू होताना, लेखी, आणि उत्तर देणं ऐच्छिक असावं. ते उत्तर जेवण मागवणाऱ्या माणसापर्यंत पोचावं आणि त्याच्या पुढे जाऊ नये. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं: मागवणाऱ्याला माहीत नसतं, बाकी सगळ्यांना माहीत असतं.

आणि इतकं करूनही चूक झाली, तर तिची नोंद व्हावी. कामाच्या जागी जिन्यावरून कोणी घसरलं तर आपण फरशी ओली होती का ते पाहतो. तसंच इथेही पाहता येतं. पदार्थ कोणता, कुठून आला, कोणत्या चमच्याने वाढला, भांडी कोणत्या टबात धुतली. दोन-तीन नोंदी झाल्या की वाट सापडते; बहुधा ती एकच असते.

शेवटचा मुद्दा आयोजकांसाठी, कारण सगळं मनापासून करणाऱ्यांचाच इथे हिरमोड होतो. व्यवस्था केली म्हणून त्या माणसाने खाल्लंच पाहिजे असं नाही. पाकिटं फोडून, नीट मांडून ठेवू नका; बंदच ठेवा, म्हणजे मागचं लेबल त्याला स्वतःला वाचता येईल. पुरवठादाराचा फोन नंबर मागितला तर द्या. त्यावरही तो म्हणाला, ‘नको, माझा डबा आहे’, तर त्याला पुन्हा आग्रह करू नका, रुसू नका, आणि त्याच्या डब्यासाठी टेबलावर जागा ठेवा.